सचित्र बालपुस्तकांचा संग्रह: सालाआधी छपाई पाहा

लुइस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'ची अगदी पहिली आवृत्ती १८६५च्या उन्हाळ्यात छापून तयार झाली आणि जवळजवळ लगेचच बाद झाली. प्रकाशक मॅकमिलनसाठी ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसनं २,००० प्रती छापल्या होत्या. चित्रकार जॉन टेनिएलनं प्रत पाहिली आणि चित्रांची छपाई आपल्याला मुळीच पसंत नाही असं कळवलं. छपाईचा खर्च कॅरल स्वतः सोसत होता. तरीही त्यानं भेट दिलेल्या प्रती परत मागवल्या आणि लंडनच्या रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यातून पुस्तक नव्यानं छापून घेतलं. ही दुसरी छपाई त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रीला आली, पण तिच्या शीर्षकपानावर साल आहे १८६६. नाकारलेले छापील ताव वाया गेले नाहीत; ते न्यूयॉर्कच्या अ‍ॅपलटन कंपनीनं घेतले आणि नवं शीर्षकपान जोडून अमेरिकेत खपवले. मूळ १८६५च्या प्रती आज दोन डझनही उरलेल्या नाहीत, आणि त्यातली एखादी लिलावात आली तर धनाढ्यांनीच बोली लावावी. म्हणजे या पुस्तकाची सर्वांत महाग आवृत्ती ही नेमकी त्याच्या चित्रकारानं नाकारलेली आवृत्ती आहे. जुनी सचित्र बालपुस्तकं जमवायची हौस ज्यांना आहे, त्यांनी खिशात हात घालण्यापूर्वी या विसंगतीचा नीट विचार करावा. माझं म्हणणं असं की सचित्र पुस्तकाच्या बाबतीत 'पहिली आवृत्ती कुठली?' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'चित्र कुठल्या छपाईत नीट उतरलं?' हा आहे. दोन्हींचं उत्तर पुष्कळदा एकच येतं. पण जिथं ते वेगळं येतं, तिथंच बेताच्या पैशात उत्तम संग्रह उभा राहतो.

'अ‍ॅलिस'चं उदाहरण अपवादात्मक आहे, असं कुणी म्हणेल. तसं ते नाही. बीट्रिक्स पॉटरचा पीटर ससा घ्या. प्रकाशकांनी नाकारल्यावर तिनं डिसेंबर १९०१मध्ये स्वतःच्या खर्चानं २५० प्रती काढल्या आणि फेब्रुवारी १९०२मध्ये आणखी २००. संग्राहक या प्रतींसाठी जीव टाकतात. पण त्यात शीर्षकपानासमोरचं एक चित्र सोडलं तर बाकी सगळी चित्रं काळ्या रेषांची आहेत. निळा कोट घातलेला, पानोपानी रंगात दिसणारा जो ससा जगाला माहीत आहे, तो ऑक्टोबर १९०२च्या फ्रेडरिक वॉर्न कंपनीच्या आवृत्तीत अवतरला, आणि तिची पहिली छपाईच ८,००० प्रतींची होती. केनेथ ग्रॅहमचं 'द विंड इन द विलोज' १९०८मध्ये मेथ्युएननं काढलं, तेव्हा आत डब्ल्यू. ग्रॅहम रॉबर्टसनचं एकच चित्र होतं, तेही सुरुवातीला. आपल्या डोळ्यांसमोर येणारे उंदीर, चिचुंदर आणि तो फुशारकी मारणारा बेडूक हे ई. एच. शेपर्डचे आहेत आणि ते आले १९३१मध्ये, पुस्तकाच्या अडतिसाव्या आवृत्तीत. या पुस्तकाची पहिली आवृत्ती वाङ्मयाचा अभ्यासक जमवेल. चित्रांच्या चाहत्याला अडतिसावीच हवी. लेखक, चित्रकार, कोरीवकाम करणारा आणि छापणारा असे चार वेगळे हात ज्या वस्तूला लागतात, तिथं मजकुराचा जन्म आणि चित्राचा जन्म एकाच दिवशी होईल अशी अपेक्षाच चुकीची.

छपाई इतकी महत्त्वाची का, हे कळायला तंत्र थोडं समजून घ्यावं लागतं. टेनिएलच्या काळात चित्र बॉक्सवुडसारख्या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर उलटं उतरवत. मग डॅलझिएल बंधूंच्या कार्यशाळेतले कारागीर रेषा तेवढ्या उभ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढत. हजारो प्रतींचा भार मूळ लाकडावर पडू नये म्हणून त्यावरून तांब्याचे ठसे तयार करत आणि छापताना ते वापरत. सावलीचा भाग हा अगदी जवळजवळ ओढलेल्या बारीक रेषांचा असतो. शाई थोडी जास्त झाली की त्या रेषांमधली पांढरी फट बुजते आणि सावलीच्या जागी डाग दिसतो. दाब कमी पडला की कडेच्या रेषा तुटतात. म्हणून दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग हे या छंदातलं पहिलं हत्यार. अ‍ॅलिसच्या एप्रनची चुणी किंवा खोलीतला अंधारा कोपरा भिंगाखाली धरा. रेषा सुट्या दिसल्या तर छपाई चांगली. काळा गोळा दिसला तर शीर्षकपानावर काहीही लिहिलेलं असो, ती प्रत मागं ठेवा. कॅरल स्वतः या बाबतीत इतका काटेकोर होता की १८९३मध्ये 'अ‍ॅलिस'चा पुढचा भाग 'थ्रू द लुकिंग-ग्लास' याच्या साठाव्या हजारातली चित्रं पुसट उतरली, तेव्हा त्यानं जाहीर सूचना छापून वाचकांना प्रती परत पाठवायला सांगितल्या आणि बदली चांगली प्रत द्यायची तयारी दाखवली. त्याआधी लहान मुलांसाठी काढलेल्या रंगीत 'नर्सरी अ‍ॅलिस'ची १८८९ची १०,००० प्रतींची पहिली छपाई रंग फार भडक आहेत म्हणून त्यानं तेव्हा इंग्लंडच्या बाजारात येऊ दिली नाही. पसंत पडलेली आवृत्ती १८९०मध्ये आली. लेखकच 'ही नको' म्हणतो आणि संग्राहक 'तीच हवी' म्हणतो, हा प्रकार मला नेहमी थोडा विनोदी वाटत आला आहे.

'नर्सरी अ‍ॅलिस' छापणारा एडमंड इव्हान्स हे या क्षेत्रातलं दुसरं नाव लक्षात ठेवण्यासारखं. वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॉल्डेकॉट आणि केट ग्रीनअवे या तिघांची चित्रं त्याच्या छापखान्यातून लोकांपर्यंत पोचली. तो प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा कोरून घेई आणि एकाच कागदावर ते एकावर एक बिनचूक बसवून छापे. कॉल्डेकॉटची पहिली दोन पुस्तकं १८७८मध्ये रूटलेजनं एकेक शिलिंगाला विकायला ठेवली. पुढं १८८५पर्यंत अशी सोळा निघाली. १८७९मध्ये ग्रीनअवेच्या 'अंडर द विंडो'च्या इव्हान्सनं एकदम २०,००० प्रती छापल्या, आणि दुसरी छपाई तयार होण्याआधीच त्या संपल्या. यातून संग्राहकानं घेण्यासारखा धडा असा की इथं पहिली छपाई मुळात दुर्मीळ नव्हती. दुर्मीळ झाली ती तिची धड राहिलेली प्रत, कारण ही पुस्तकं मुलांच्या हाती गेली आणि मुलांनी त्यांचं जे करायचं ते केलं. या पुस्तकांवर साल बहुधा नसतंच. म्हणून प्रकाशकाचं नाव पाहावं: रूटलेजचं नाव असेल तर प्रत आधीची, फ्रेडरिक वॉर्नचं असेल तर हक्क त्यांच्याकडे गेल्यानंतरची. वॉर्नच्या सुरुवातीच्या प्रतीही वाईट नाहीत. रंगांच्या कडा एकमेकांवर नीट बसल्या आहेत का, ओठांवरचा गुलाबी ओठांच्या बाहेर सांडला आहे का, एवढं पाहून घेतलं तर त्या निम्म्याहून कमी खर्चात तेच सुख देतात.

शतक पालटलं तसं कोरलेलं लाकूड मागं पडलं आणि कॅमेरा पुढं आला. आर्थर रॅकमची १९०५ची 'रिप व्हॅन विंकल' आणि १९०६ची 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स' ही तीन रंगांच्या हाफटोन छपाईची पुस्तकं. पहिल्यात ५१ आणि दुसऱ्यात ५० रंगीत चित्रं. लाल, पिवळा आणि निळा अशा तीन ब्लॉकांतून मूळ जलरंगातलं चित्र ठिपक्यांनी उभं करायचं, तर कागद गुळगुळीत लागतो. म्हणून चित्रं आर्ट पेपरवर वेगळी छापली, जाड कागदावर एका कडेनं चिकटवली आणि वर पातळ कागदाचं संरक्षण दिलं. या रचनेतच या पुस्तकांचा शाप आहे: चिकटवलेलं चित्र सहज निघतं आणि चौकटीत घालून भिंतीवर लावता येतं. त्यामुळे रॅकम, एडमंड ड्युलॅक किंवा काय नील्सन यांचं कुठलंही पुस्तक घेताना आतली चित्रांची यादी उघडायची आणि एकेक चित्र पान उलटून मोजायचं. विक्रेता कितीही भला असला तरी हे काम त्याच्यावर सोपवू नये. एक चित्र कमी असलेली पहिली आवृत्ती आणि सगळी चित्रं जागेवर असलेली काही वर्षांनंतरची पूर्ण आवृत्ती यांत मी दुसरीच घ्यायला सांगेन. मात्र नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांत चित्रांची संख्याच घटवलेली असू शकते. त्यामुळे 'यादीप्रमाणे पूर्ण' एवढ्यावर भागत नाही. मूळ आवृत्तीत किती होती तेही आधी माहीत हवं.

याच्या उलट शेपर्डच्या शाईच्या रेखाचित्रांची गोष्ट. १९२६च्या 'विनी-द-पू'मधली चित्रं लाइन ब्लॉकनं छापलेली. त्यात छटा नाहीत, ठिपके नाहीत. रेषा आहे किंवा नाही, एवढाच हिशेब. त्यामुळे पुढच्या काही वर्षांतल्या छपाया शेजारी ठेवल्या तर भिंगालाही फारसा फरक सापडत नाही. इथं पहिल्या छपाईसाठी मोजलेली मोठी रक्कम चित्रासाठी नसते. ती कीर्तीसाठी असते आणि त्याहूनही जास्त कागदी वेष्टनासाठी, कारण ते वेष्टन मुलांच्या घरात टिकणं जवळपास अशक्य. ज्याला ती हौस परवडते त्यानं खुशाल करावी. पण तंत्र ओळखणाऱ्याला कळतं की कुठं लवकरची छपाई घेण्यात अर्थ आहे आणि कुठं चार-सहा वर्षं नंतरची घेऊन उरलेल्या पैशात दुसरं पुस्तक येतं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. चित्राची छपाईच महत्त्वाची असेल तर आजची आवृत्ती का नको? आजचं तंत्र कितीतरी पुढं गेलं आहे. १९८७मध्ये वॉर्न कंपनीनं पॉटरच्या मूळ जलरंग चित्रांची नव्यानं छायाचित्रं घेऊन तिच्या सगळ्या गोष्टी पुन्हा छापल्या. मूळ चित्रांच्या जवळ जाण्यात त्या कदाचित १९०२च्या छपाईला मागं टाकतात. टेनिएलच्या चित्रांचे मूळ लाकडी ठसे १९८५मध्ये एका बँकेच्या तिजोरीत सापडले, आणि १९८८मध्ये त्यांवरून थेट छापलेले मोजके संच निघाले. त्यांतल्या रेषा व्हिक्टोरियन वाचकानं कधी पाहिल्या नसतील इतक्या स्पष्ट आहेत. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. निव्वळ चित्र पाहायचं असेल तर नवी आवृत्ती किंवा ग्रंथालयांनी खुली केलेली डिजिटल प्रत पुरेशी आहे, आणि त्यासाठी कुणी कर्ज काढू नये. पण या चित्रकारांनी चित्रं भिंतीसाठी काढली नव्हती. ती ठरावीक आकाराच्या पानावर, ठरावीक ओळींशेजारी बसवण्यासाठी काढली होती. 'लुकिंग-ग्लास'च्या मूळ रचनेत अ‍ॅलिस आरशात शिरते ते चित्र एका पानाच्या पुढच्या बाजूला आणि पलीकडे बाहेर पडते ते त्याच पानाच्या मागच्या बाजूला आहे; पान उलटलं की वाचकही आरशापलीकडे जातो. नव्या आवृत्तीत ही दोन चित्रं समोरासमोर किंवा दोन पानं सोडून आली की ती सगळी करामतच जाते. पॉटरनं लहान हातात मावेल असा आकार हट्टानं धरला आणि प्रत्येक उघड्या जोडपानावर एका बाजूला दोन-चार ओळी, दुसऱ्या बाजूला एक चित्र अशी मांडणी केली; तिच्या गोष्टी एका जाडजूड खंडात एकत्र आल्या की चित्र तेच राहतं, लय मोडते. शिवाय तीन रंगांत काय उतरतं आणि काय नाही हे पाहून तिनं छपाईचे नमुने तपासले होते. तो तिचाच निर्णय होता, आणि जुनी प्रत तो निर्णय जपते. म्हणून जुनी प्रत घेताना एक परीक्षा याचीही करावी: मूळ पानरचना कायम आहे का? असेल तर पाचवी-दहावी छपाईसुद्धा संग्रहात सन्मानानं ठेवावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. पहिली आवृत्ती विकताना किंमत येते, नंतरच्या छपाईला कोण विचारतो? खरं आहे, बाजार 'पहिली' या शब्दावर चालतो. पण तो त्याहूनही जास्त चालतो तो प्रतीच्या अवस्थेवर. कणा तुटलेली, चित्र गहाळ झालेली पहिली प्रत विकायला गेलात तर घेणाऱ्याचं तोंड लगेच वाकडं होतं. नफ्यासाठीच जमवायचं असेल तर मुळात पुस्तकांपेक्षा सोपे मार्ग पुष्कळ आहेत. जुन्या पुस्तकाची खरेदी आणि विक्री यांतला फरक मोठा असतो आणि तो विक्रेत्याच्या बाजूनं असतो. आणि ज्याला पहिलीच हवी, त्यालाही वर सांगितलेली नजर लागतेच, कारण सालावर विसंबणारा माणूस इथं हमखास फसतो. 'लुकिंग-ग्लास' १८७१च्या नाताळासाठी आलं, साल आहे १८७२. मॅकमिलन शीर्षकपानावर 'कितवा हजार' ते छापत असे, पण तो आकडा नसलेली प्रत पहिलीच असं मानणं घाईचं ठरेल. आधी शीर्षकपान मूळचं आहे ना ते पाहावं. मॉरिस सेंडॅकच्या १९६३च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'ला कॉल्डेकॉट पदक १९६४मध्ये मिळालं. तेव्हा वेष्टनावरच पदक छापलेलं असेल तर आत साल काहीही असो, वेष्टन नंतरचं. एकाच्या पुस्तकाला दुसऱ्याचं वेष्टन चढवणं काही अवघड नसतं. हुबेहूब प्रतिकृतीही बाजारात असतात. तिथं पान तिरक्या उजेडात धरा: खिळे आणि ठशांच्या छपाईत मागच्या बाजूला दाबाचा हलका उठाव हाताला लागतो, ऑफसेटवर पान सपाट असतं.

आणि मुलांनी रेघोट्या मारलेल्या प्रती? शुद्धतावादी त्यांना हातही लावत नाहीत. मी थोडा फरक करतो. समासात किंवा अस्तराच्या कागदावर कुणाचं नाव, वाढदिवसाची भेट म्हणून लिहिलेली तारीख असेल तर ती दोष मानू नये. उलट पुस्तक केव्हा विकलं गेलं याचा तो चांगला पुरावा असतो, विशेषतः साल नसलेल्या ग्रीनअवे-कॉल्डेकॉटमध्ये. पण शेपर्डच्या रेखाचित्रात कुणी खडूनं रंग भरला असेल तर ती प्रत सोडावी, कितीही स्वस्त असो. पुस्तक जिच्यासाठी घ्यायचं ती रेषाच त्या रंगाखाली गेलेली असते.

महाराष्ट्रात बसून ही पुस्तकं मिळवायची तर बहुतेक खरेदी परदेशी विक्रेत्यांकडून, प्रत हातात न घेताच करावी लागते. तेव्हा वर्णनावर न थांबता छायाचित्रं मागवावीत: शीर्षकपान आणि त्यामागची बाजू, कणा, चित्रांची यादी, आणि सावलीचा भाग नीट दिसेल असं एखाद्या चित्राचं अगदी जवळून घेतलेलं छायाचित्र. शेवटची मागणी ऐकून विक्रेता तुम्हाला गंभीरपणे घ्यायला लागतो, हा वरचा फायदा. टपालखर्च आणि सीमाशुल्काचा अंदाज आधी घ्यावा. पुष्कळदा तो पुस्तकाच्या किमतीशी स्पर्धा करतो. सुरुवातीला एकच लेखक किंवा एकच छापखाना धरावा. आपल्याकडच्या वाचकाला किपलिंगपासून सुरुवात करायला सबळ कारण आहे. 'द जंगल बुक' १८९४मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५मध्ये मॅकमिलननं काढला. त्यांत चित्रं आहेत ती त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांची, पहिल्या भागात इतर दोघांचीही. हे लॉकवुड मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते आणि रडयार्डचा जन्म १८६५मध्ये मुंबईतलाच. 'जस्ट सो स्टोरीज'ची १९०२ची चित्रं तर रडयार्डनं स्वतः काढलेली, म्हणजे लेखक आणि चित्रकार एकच. आवृत्त्या पडताळायला यासारखं सोपं पुस्तक नाही.

आणलेलं पुस्तक टिकवणं हा मात्र निव्वळ इथला प्रश्न. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आर्ट पेपर हा सगळ्यात नाजूक. त्याच्यावरचा मातीचा गुळगुळीत लेप ओल धरतो आणि दोन पानं एकमेकांना चिकटली की सोडवताना चित्रच सोलून येतं. रॅकमचं पुस्तक म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कधीच ठेवू नये, दाबून तर नाहीच. वर्षाऋतूत अधूनमधून पानं हलक्या हातानं मोकळी करावीत. कसर आणि वाळवीसाठी घरगुती उपाय म्हणून डांबराच्या गोळ्या पुस्तकाला लागून ठेवण्याची पद्धत सोडावी. त्यापेक्षा हवा खेळती ठेवून नियमित पाहणी करणं बरं. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद केलेलं पुस्तक आतल्या ओलीनंच तांबूस ठिपक्यांनी भरतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायचा मोह आवरावा. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो, तो मग सहजासहजी निघत नाही.

ज्यांना इंग्लंडची बाजारपेठ लांबची वाटते, त्यांच्यासाठी हीच नजर मराठीतही वापरायची जागा आहे: मॉस्कोहून मराठीत छापून आलेली सोव्हिएत बालपुस्तकं. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठी केलेली ही पुस्तकं रद्दीत, जुन्या बाजारात आणि घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. साल पुसलं किंवा पान फाटलं असलं तरी प्रकाशकाचं नाव इथंही मदतीला येतं. प्रगती प्रकाशनातून रादुगा हे बालसाहित्य काढणारं प्रकाशन १९८२मध्ये वेगळं झालं, तेव्हा रादुगाचं नाव असलेली प्रत त्याआधीची असू शकत नाही. या सोव्हिएत पुस्तकांच्या छपाया फारशा कुणी नोंदवून ठेवलेल्या नाहीत. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही घ्याव्यात, भिंगाखाली रंगांच्या कडा ताडून पाहाव्यात आणि जो फरक दिसेल तो तारखेसह एका वहीत उतरवावा.